रायगडाची माती आणि व्हिएतनामची मैत्री

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिवजयंतीच्या आपल्या पुरवणीत व्हिएतनामवर आलेला लेख वाचून हे पत्र लिहीत आहे. लेखात म्हटलं आहे की, अमेरिकेला हरवल्यावर व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रकारांनी विजयाचं रहस्य विचारलं आणि त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव घेतलं. पुढे त्यांच्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा एक मावळा' अशा अर्थाची ओळ कोरली गेली. त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, लाल किल्ला आणि राजघाट पाहून झाल्यावर 'महाराजांची समाधी कुठे आहे?' असं विचारून रायगडावर गेले, तिथली मूठभर माती कपाळाला लावली आणि मायदेशी नेऊन तिथल्या मातीत मिसळली. लेखात मंत्र्याचं नाव नाही आणि दौऱ्याचं वर्षही नाही.

मी वडोदऱ्यात मराठी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आहे. ही गोष्ट मोबाइलवर बरीच वर्षं फिरते आहे हे मला ठाऊक होतं, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या प्रत्येक मजकुराला उत्तर देत बसणं कुणालाच शक्य नाही. पण तुमचा लेख आल्यानंतर काही दिवसांनी दांडिया बाजारातल्या एका मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. तिथे एकामागून एक मुलं उठून हीच गोष्ट सांगू लागली. सातवीतल्या एका मुलीने तर ती इतक्या जीव ओतून सांगितली की पालकांच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. स्पर्धा संपल्यावर तिला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, हे कुठे वाचलंस?" ती म्हणाली, "बाई, पेपरात आलंय."

म्हणून हे पत्र. छापील अक्षरावर मुलांचा अजून विश्वास आहे, आणि त्या विश्वासाला जागणं हे तुमचं काम आहे तसंच माझ्यासारख्या शिक्षकाचंही.

आमच्या सोसायटीत मेवाडचे एक गृहस्थ राहतात. गणपतीत आमच्याकडे आरतीला येतात, आम्ही त्यांच्याकडे होळीला जातो. त्यांच्याशी हा विषय निघाला तेव्हा त्यांनी आपला मोबाइल पुढे केला. हिंदीतला मजकूर होता. तोच व्हिएतनाम, तेच पत्रकार, तोच प्रश्न, तीच मूठभर माती. मात्र उत्तरात महाराणा प्रतापांचं नाव होतं आणि मंत्री मेवाडात गेले होते. त्यांनाही आमचा मजकूर प्रथमच दिसला. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. दोन्ही वीर आम्हा दोघांनाही पूज्य आहेत, त्यामुळे कुणाची गोष्ट खरी हा वाद आमच्यात होण्यासारखा नव्हताच. एकच साचा घेऊन कुणीतरी आपापल्या प्रांताचं नाव त्यात भरलं आहे, हे आम्हाला दोघांनाही दिसत होतं आणि त्याचं वाईट वाटत होतं.

शाळेत मी मुलांना सांगायचे की कुठलीही ऐतिहासिक गोष्ट ऐकली की आधी सनावळी मांडा. इथेही तेच करू. या गोष्टीत ज्यांच्याकडे बोट असतं ते व्हिएतनामच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि अध्यक्ष हो ची मिन्ह. त्यांचं निधन २ सप्टेंबर १९६९ रोजी झालं. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडलं आणि युद्ध संपलं ते ३० एप्रिल १९७५ रोजी. म्हणजे विजयानंतर पत्रकारांनी त्यांना गाठून काही विचारणं शक्यच नव्हतं. विजयाच्या वेळी हनोईत अध्यक्षपदावर तोन डक थांग होते, आणि त्यांचं नाव या गोष्टीत कुणीही घेत नाही. राहिला समाधीचा प्रश्न. हनोईच्या बा दिन्ह चौकात हो ची मिन्ह यांचं स्मारक आहे. तिथे त्यांचा देह काचेच्या पेटीत जतन करून ठेवला आहे आणि इमारतीच्या दर्शनी भागावर 'अध्यक्ष हो ची मिन्ह' एवढेच शब्द आहेत. खुद्द त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की आपलं दहन करावं आणि रक्षा देशाच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण भागांतल्या टेकड्यांवर ठेवावी. नंतरच्या नेत्यांनी ते मानलं नाही. स्वतःसाठी एवढंही स्मारक नको म्हणणाऱ्या माणसाच्या समाधीवर आपण इथे बसून ओळी कोरतो आहोत. रायगड भेटीचं म्हणाल, तर त्याचा एकही अस्सल कागद आजवर कुणी पुढे केलेला नाही.

वडोदऱ्यातून आता व्हिएतनामला जाणाऱ्यांची रीघ लागली आहे. अहमदाबादहून थेट विमानं आहेत, टूरवाले शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय करतात. माझा भाचा आणि भाचेसून गेल्या दिवाळीत जाऊन आले. त्यांच्या गटातल्या एका काकांनी बा दिन्ह चौकातून बाहेर पडल्यावर गाइड मुलीला विचारलं, "ती शिवाजी महाराजांची ओळ कुठे आहे?" तिला प्रश्न कळेना. दोनतीन जणांनी मिळून सगळी गोष्ट तिला इंग्रजीत समजावली. भाचेसून सांगते, की त्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, 'अशी ओळ इथे नाही' म्हणाली, आणि मग गटाला होआन कियेम तळ्यावर नेऊन तिच्या देशाची स्वतःची गोष्ट सांगितली. तिच्या आजोबांचे दोन भाऊ त्या युद्धात गेले होते, हेही तिने वाटेत सांगितलं. नंतर बसमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

तिने तळ्यावर सांगितलेली गोष्ट मराठी वाचकांना कळायला हवी. पंधराव्या शतकात चीनच्या मिंग सत्तेने व्हिएतनाम गिळला होता. लाम सोन या डोंगराळ मुलखात ले लोय नावाच्या सरदाराने १४१८ मध्ये बंड उभारलं आणि दहा वर्षं झुंजून चिनी फौजा बाहेर काढल्या. लोककथा अशी की त्याला एक दैवी तलवार मिळाली होती. राज्य स्थिरावल्यावर तो हनोईच्या तळ्यात नावेतून फिरत असताना एक कासव वर आलं, त्याने तलवार परत मागितली आणि ले लोयने ती दिली. म्हणून त्या तळ्याला परत केलेल्या तलवारीचं तळं म्हणतात. आपल्याकडे आई भवानीने महाराजांना तलवार दिली ही श्रद्धा घराघरात आहे. डोंगराच्या आधाराने मोठ्या सत्तेशी लढलेल्या दोन समाजांनी आपापल्या राजाच्या हाती देवाची तलवार पाहिली. मला यात जो जिव्हाळा वाटतो तो त्या बनावट मजकुरात कधीच वाटला नाही.

आणि गनिमी कावा त्यांना इथून उसना घ्यावा लागला असं म्हणताना आपण काय पुसून टाकतो, तेही पाहू. १२८८ मध्ये मंगोलांचं आरमार बाख दांग नदीत शिरलं. त्रान हुंग दाओ या सेनापतीने नदीच्या तळाशी टोकदार खांब रोवून ठेवले होते. भरतीच्या वेळी त्याने शत्रूची जहाजं आत ओढून घेतली, ओहोटी लागताच ती खांबांवर अडकून फुटली. हीच युक्ती त्याच नदीत न्गो क्वेन याने त्याआधी साडेतीनशे वर्षांपूर्वी, ९३८ मध्ये चिनी आरमारावर केली होती. महाराजांचा जन्म १६३० चा. विसाव्या शतकात फ्रेंचांना आणि मग अमेरिकेला जड गेलेले जनरल गियाप तरुणपणी हनोईच्या एका शाळेत इतिहास शिकवत असत. त्यांच्या डोक्यात बाख दांग होतं, लाम सोन होतं. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत त्यांच्या माणसांनी तोफा सुट्या करून डोंगरावर हातांनी ओढून नेल्या आणि रसद सायकलींवर लादून जंगलातून पोचवली. सायगावजवळच्या कू चीच्या परिसरात लोकांनी दोनशे किलोमीटरहून लांब भुयारं खणली आणि त्यांत वर्षानुवर्षं राहिले. एका इतिहास शिक्षकाने आपल्याच देशाच्या इतिहासातून धडा घेतला, हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगताना मला केवढं बळ आलं असतं!

आपल्या गनिमी काव्याचंही तसंच आहे. तो सह्याद्रीने घडवला. मलिक अंबरने मोगलांना दख्खनमध्ये जेरीस आणलं, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे होते, आणि पुढे महाराजांनी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अशी कोंडली की खानाला पाणीही मिळेना. या परंपरेचा अभ्यास करायचा तर घाट चढावे लागतात, कागद वाचावे लागतात. तयार मजकूर पुढे पाठवणं सोपं आहे.

"यात बिघडलं काय? मुलांना अभिमान वाटतो ना?" असं मला मंडळातल्या एका कार्यकर्त्याने विचारलं. तो माझा जुना विद्यार्थी, आणि प्रश्न त्याने मनापासून विचारला होता, म्हणून त्याला तिथे दिलेलं उत्तर इथेही लिहिते. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार त्या युद्धात सैनिक आणि नागरिक मिळून तीस लाखांवर माणसं गेली. ज्या घरांतून ती गेली त्या घरांतली माणसं आज हॉटेलात आपल्याला चहा देतात, बसमधून शहर दाखवतात. त्यांच्या विजयाचं श्रेय आपण आपल्या नावावर लावतो आहोत. उद्या कुणी परदेशी पाहुणा रायगडावर येऊन म्हणाला, की महाराजांनी हे सगळं आमच्या एका राजाकडून शिकून घेतलं आणि समाधीवर तसं लिहिलं आहे, तर तुला काय वाटेल? त्याने मान खाली घातली. महाराजांच्या मोठेपणाला परदेशी राष्ट्राध्यक्षाच्या साक्षीची गरज आहे, असं आपण मुलांच्या मनावर बिंबवतो, याचं दुःख मला त्याहूनही जास्त आहे.

देशांच्या मैत्रीला गोष्टी लागतात हे मी नाकारत नाही. करार आणि व्यापार यांच्या पाठीशी लोकांच्या मनात काहीतरी असावं लागतं. त्यातली एक गोष्ट अयोध्येची. कोरियात 'सामगुक युसा' नावाचा तेराव्या शतकातला ग्रंथ आहे. इर्योन नावाच्या बौद्ध भिक्षूने तो लिहिला. त्यात म्हटलं आहे की, इ. स. ४८ मध्ये आयुता नावाच्या दूरच्या राज्यातून सोळा वर्षांची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाची राणी झाली. हो ह्वांग-ओक तिचं नाव. आयुता म्हणजे अयोध्या असं कोरियातले बरेच लोक मानतात. सुरो राजाचे वंशज म्हणवणाऱ्या किम कुळातले लाखो लोक तिला आपली आजी समजतात. २००१ मध्ये अयोध्येत शरयूकाठी तिचं स्मारक झालं, २०१८ च्या दिवाळीत कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी किम जंग-सुक तिथे दीपोत्सवाला आल्या.

इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकणं कठीण आहे. आपल्या एकाही प्राचीन ग्रंथात अशा राजकन्येचा उल्लेख नाही, आणि पहिल्या शतकात त्या नगरीला साकेत या नावाने ओळखत असत. तरी मला या स्मारकात काही गैर वाटत नाही, कारण ती कथा कोरियाची आहे. सातशेहून अधिक वर्षं त्यांच्या ग्रंथात आहे, त्यांच्या घरांत आहे. ते आपल्या दारी येऊन म्हणाले की आमची आजी तुमच्याकडची होती, आणि आपण त्यांना बसायला पाट दिला. व्हिएतनामच्या गोष्टीत मात्र दुसऱ्या देशाच्या तोंडी शब्द आपण घातले आहेत, आणि त्या देशाला त्याची खबरही नाही. एवढा फरक नववीतल्या मुलांनाही समजावून सांगता येतो.

पोलंडची गोष्ट तर पूर्ण खरी आहे, आणि महाराष्ट्र-गुजरात दोघांचीही आहे. १९३९ नंतर सोव्हिएत सत्तेने लाखो पोलिश लोकांना सायबेरियात आणि मध्य आशियात हाकललं होतं. त्यांतल्या अनाथ, उपाशी मुलांना १९४२ मध्ये नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला आसरा दिला. मुलं त्यांना बापू म्हणत. आज त्या जागी सैनिकी शाळा आहे. पुढच्याच वर्षी कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली, ती १९४८ पर्यंत होती. वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, कोल्हापूरचं स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले तेव्हा दोन्ही ठिकाणी त्यांनी फुलं वाहिली. इतकी सुंदर गोष्ट हाती असताना तीसुद्धा आपल्याला पुरत नाही. मोबाइलवर तिचं रूप असं फिरतं की, बायकामुलांनी भरलेलं एक जहाज बंदराबंदरांतून परत पाठवलं गेलं आणि शेवटी जामनगरला लागलं. आणि पोलंडचे खासदार आजही जामसाहेबांच्या नावाने शपथ घेतात, अशी निराधार पुरवणीही त्याला जोडलेली असते. खरं म्हणजे बालाचडीच्या मुलांचा पहिला तांडा अश्गाबातहून इराणच्या मशहदमार्गे खुष्कीने, ट्रकांतून भारतात आला होता. वाळवंटातून आणि डोंगरांतून अनाथ मुलांना घेऊन येणारे ते ट्रक काय कमी थरारक आहेत, म्हणून त्यांच्या जागी जहाज आणायचं?

गोड समजुती धोक्याच्याही ठरतात, हे माझ्या पिढीने पाहिलं आहे. 'भारत आणि चीन यांच्यात दोन हजार वर्षांत कधी युद्ध झालं नाही' हे वाक्य पन्नासच्या दशकात व्यासपीठांवरून ऐकू यायचं, असं माझे वडील सांगत. त्याचं मोठं कारण नकाशात होतं. मध्ये तिबेट होता, दोघांची सीमा लागतच नव्हती. १८४१ मध्ये जम्मूच्या डोगरा सत्तेचा सेनापती जोरावरसिंह याने तिबेटवर स्वारी केली तेव्हा लढाई झालीच होती. १९५० नंतर तिबेटात चिनी फौज आली, नकाशा बदलला, आणि आपण जुन्या वाक्यावर विसंबून राहिलो. त्या वाक्याने १९६२ चं युद्ध टळलं नाही. सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट तर अस्सल होती. १९३८ च्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. चीन त्यांना आजही मानतो, तिथले नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटत आले. पण त्या खऱ्या गोष्टीनेही सीमेवरची गोळी थांबवली नाही. गोष्टीवर किती भार टाकायचा हे सरकारला कळलं पाहिजे, आणि सरकार निवडणाऱ्या आपल्यालाही.

आता व्हिएतनामकडेच पुन्हा येते, कारण भारत-व्हिएतनाम मैत्रीला खऱ्या घटनांचा तोटा नाही. ऑक्टोबर १९५४ मध्ये, फ्रेंच फौजा हनोईतून निघून गेल्यावर थोड्याच दिवसांत, पंडित नेहरू तिथे गेले. फ्रेंचांबरोबरचं युद्ध थांबवणाऱ्या जिनिव्हा करारानंतर नेमलेल्या देखरेख आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. फेब्रुवारी १९५८ मध्ये हो ची मिन्ह भारतात आले. कलकत्त्यात 'आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम' अशा घोषणा देत तरुण रस्त्यावर उतरले, आणि अमेरिकेचा वाणिज्य दूतावास ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्याला हो ची मिन्ह यांचं नाव मिळालं. १७ फेब्रुवारी १९७९ रोजी चीनने व्हिएतनामवर हल्ला केला तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनच्याच दौऱ्यावर होते. ते दौरा अर्धवट टाकून परतले. मुलांना भाषणासाठी प्रसंग हवा असेल तर यासारखा प्रसंग नाही. यजमान आपल्या मित्रावर चाल करून गेला आणि पाहुणा उठून निघाला! जुलै २०२३ मध्ये भारताने आपल्या नौदलाची 'कृपाण' ही युद्धनौका चालू स्थितीत व्हिएतनामला भेट दिली. मध्य व्हिएतनाममधल्या 'मी सोन' या ठिकाणच्या शिवमंदिरांचा जीर्णोद्धार आपलं पुरातत्त्व खातं करत आहे. चाम राजांनी उभारलेली ती मंदिरं १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत फार उद्ध्वस्त झाली होती. तिथल्या कामात मे २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. २०२५ च्या वैशाखात सारनाथचे बुद्धाचे अवशेष व्हिएतनामला नेले, तेव्हा लाखो लोकांनी रांगा लावून दर्शन घेतलं.

महाराजांचं परराष्ट्र धोरण शिकवायचं असेल तर त्याचेही कागद आहेत. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. राजापूरच्या वखारीच्या नुकसानभरपाईपासून अनेक कलमांवर बोलणी झाली. फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल परत मिळावा अशी इंग्रजांची मागणी होती, तेव्हा महाराजांच्या बाजूने कोकणच्या वहिवाटीचा हवाला दिला गेला. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत डचांना दिलेल्या कौलात, म्हणजे लेखी परवान्यात, माणसांची खरेदी-विक्री करायला मनाई केली. लिस्बनमध्ये १७३० साली महाराजांचं पोर्तुगीज चरित्र छापलं गेलं. आणि व्हिएतनाम-रायगड असा धागा हवाच असेल तर तोही आहे, पण तो जुलै २०२५ चा आहे. रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेण्याचा निर्णय पॅरिसमध्ये ज्या समितीने केला, तिच्या सदस्य देशांमध्ये व्हिएतनाम होता, आणि दक्षिण कोरियाही होता.

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला हे सांगावं लागू नये. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत इथे आले आणि १९२५ पर्यंत राहिले. मराठ्यांच्या इतिहासाचा पाया त्यांनी या शहरात नोकरी सांभाळून घातला, आणि पुढे पेशवे दफ्तराचे ४५ खंड संपादित केले. एका तारखेसाठी पत्रांमागून पत्रं लिहिणारा माणूस होता तो. आमच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला शामळाजीजवळ देवनी मोरी इथे स्तूप खणला. तिथे निघालेल्या दगडी करंडकावर ब्राह्मी लिपीतला संस्कृत लेख आहे, आतले अवशेष बुद्धाचे असल्याचं तो सांगतो. मुलांना मी तो लेख दाखवायला नेत असे. एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधानांनी श्रीलंकेत जाहीर केलं की गुजरातेत मिळालेले हे अवशेष तिथे दर्शनासाठी पाठवले जातील. सांगण्याजोगं काही आपल्याजवळ असलं की ते असं, कोरलेल्या अक्षरांसह, दुसऱ्या देशात पाठवता येतं. आणि काही नसेल तरी मैत्री अडत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ वडोदऱ्यात आले, लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये बोलणी झाली. त्यामागे कुठलीही पुरातन कथा नव्हती, ५६ विमानांचा करार होता, त्यांतली ४० इथे बनायची आहेत.

आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पुढच्या शिवजयंतीच्या पुरवणीत ऑक्झेंडनच्या रायगड भेटीवर किंवा डचांना दिलेल्या कौलावर एखाद्या अभ्यासकाकडून लेख लिहून घ्यावा. मंडळाच्या कार्यकर्त्यांशी माझं बोलणं झालं आहे, येत्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत हेच दोन विषय ठेवायला ते तयार आहेत आणि बक्षिसांची रक्कम मी देणार आहे. तुमचा लेख मुलांच्या हाती वेळेवर पडला तर त्यांना तयारीला आधार होईल.

दुसरी विनंती खुलाशाची. तो आतल्या पानावर कोपऱ्यात न देता पुरवणीच्या त्याच पानावर द्यावा, आणि त्यात हो ची मिन्ह यांच्या निधनाची तारीख व सायगाव पडल्याची तारीख शेजारी शेजारी छापावी, म्हणजे वाचकांना स्वतःच पडताळून पाहता येईल.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा